आधी शिवून दाखवा

‘बेतणी’ नावाच्या लायब्ररीत एक ओळ जरी बदलायची असली, तरी ती आधी शिवून दाखवावी लागते. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघतो. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे, कॉम्प्युटरच्या कोडची. तिला माणसाची मापं द्यायची, मग ती शर्टाचे, पँटचे, कोटाचे नमुने काढून देते आणि त्या रेषांवर कापड कापायचं. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही घ्यावा, वापरावा, चूक दिसली किंवा काही नवं सुचलं तर बदल करून पाठवावा. सांभाळणारी मोजकी माणसं आहेत, ती पाठवलेलं तपासतात आणि पटलं तर आत घेतात. ओपन सोर्सचा कारभार सगळीकडे साधारण असाच चालतो. पण बेतणीवाल्यांचा एक जास्तीचा नियम आहे. तुमच्या बदलाने निघालेला नमुना मांजरपाटाच्या स्वस्त कापडावर कापायचा, शिवायचा, जिवंत माणसाच्या अंगात घालायचा, आणि समोरून, बाजूने, मागून फोटो काढून चर्चेच्या पानावर लावायचा. चेहरा दिसला नाही तरी चालेल, पण आत माणूस हवा.

मीही पोटासाठी कोडच लिहितो, पार्किंगच्या गेटांचा. गाडी आली की दांडा वर, गेली की खाली. माझ्या दांड्याने आजवर एकाही गाडीचा टप चेपलेला नाही आणि हे मी फार वेळा सांगतो असं घरच्यांचं म्हणणं आहे. त्यामुळे बेतणीचा नियम पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी म्हटलं, या लोकांना उद्योग नाही. पण मला त्यांच्या दारात जावं लागलं, ते ताईमुळे.

ताई माझ्याहून मोठी, आणि वकील. दोन वर्षांपूर्वी तिच्या पाठीचं मोठं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, ताई चालायला लागली, आम्ही डॉक्टरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पण उजवा खांदा कायमचा खाली उतरला आणि पाठीला डावीकडे एक उंचवटा राहिला. तेव्हापासून ताई घरी बसूनच काम करायची. दुसऱ्या वकिलांना मसुदे लिहून द्यायची. तिचे शब्द कोर्टात जायचे, ती नाही. घरातसुद्धा ती भिंतीला पाठ लावून बसायची. उकाड्यातही अंगावर शाल. कुणी फोटो काढायला लागलं की तिला नेमकं तेव्हाच गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. आई आणि मी काही बोलायचो नाही. फक्त तिची खुर्ची कधीही दरवाजाकडे पाठ करून राहणार नाही एवढं बघायचो.

मग तिची एक जुनी अशील आली. भाड्याचं दुकान हातातून जायची वेळ आली होती आणि तिचा हट्ट असा की माझ्या बाजूने तुम्हीच उभ्या राहा, दुसरं कुणी नको. ताईने हो म्हटलं. तारीख पडली. त्यानंतर ताईची भूकच गेली. आईला वाटलं केसची धास्ती असेल. केसची नव्हतीच, कोटाची होती. कोर्टात कोटाशिवाय उभं राहता येत नाही आणि कोटावर शाल घेता येत नाही.

तयार कोट आम्ही आणून पाहिले. उजवीकडे खांदा लोंबायचा, डावीकडे मागचा भाग वर चढायचा, कॉलर मानेपासून सुटून उभी राहायची. मग शिंप्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. पण त्याने न विचारता ताईच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, काळजी करू नका ताई, असं झाकून देतो की कळणारसुद्धा नाही. ताईने शांतपणे पर्स उचलली आणि बाहेर येऊन मला सांगितलं की यापुढे घरात शिंप्याचं नाव काढायचं नाही. मापं घेऊ द्यायची ती फक्त आईला.

आई शिवते छान. आमचे लहानपणापासूनचे कपडे तिनेच शिवले. पण कोट बेतणं आणि कापणं तिला जमणार नव्हतं, हे तिने स्वतःच सांगून टाकलं. आमच्या भागात एक वर्कशॉप आहे, तिथे मशीनवर कापड कापून मिळतं. तिथला मालक बेतणीचेच नमुने घेतो, आणि तेही प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचेच. पूर्वी कुणीतरी घरी जुळवलेली फाइल आणली, महागाचं कापड वाया गेलं, भांडण हातघाईवर आलं, तेव्हापासून त्याने दारावर तशी पाटीच लावली आहे. म्हटलं सोपं आहे. आईने मापं घ्यायची, बेतणीने नमुना काढायचा, वर्कशॉपने कापायचं, आईने शिवायचं. सुंठीवाचून खोकला गेला.

मापं भरायला बसलो आणि कळलं की बेतणी खांदा विचारते, तो एकच. बाही एक, पाठ एक. ती अर्धा माणूस काढायची आणि घडी उलगडावी तसा तो दुसऱ्या बाजूला उलटवायची. जगातली बहुतेक माणसं त्यात भागून जातात. माझी ताई घडीवर कापलेली नव्हती.

तर काय, मी शनिवार-रविवार बसलो आणि सगळं उलथंपालथं केलं. डावं वेगळं, उजवं वेगळं, खांदे, बाह्या, पाठ, कॉलर, शर्ट, कोट, जाता जाता पँटसुद्धा. केवढा तो बदल. छाती फुगवून पाठवून दिला. ‘बाहेरून येणाऱ्यांसाठी’ असं एक पान तिथे होतं, ते उघडलंही नाही. म्हटलं, आपण काय कालचे आलोय?

बेतणीवर बदल तपासणारी जी मुख्य बाई आहे तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. फोटोच्या जागी तिने टाचणीचं चित्र लावलं आहे, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणतात. उत्तरंही तशीच देते, बारीक आणि टोकदार. तिने लिहिलं, “कल्पना हवी तशी आहे. पण तुम्ही न विचारता अख्खं ठाण कापून आणलंत. हे मी कुठून तपासायला लागू? आधी बोला, मग कापा.” आणि खाली त्या न उघडलेल्या पानाचा पत्ता.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू. घरात इकडून तिकडे येरझाऱ्या घातल्या. ताईने विचारलं काय झालं, मी म्हटलं ऑफिसचं आहे. रागाच्या भरात ते पान उघडलं, निदान त्यात तरी चूक सापडेल म्हणून. चूक सापडली नाही. साधं, सरळ लिहिलेलं पान होतं. काय बदलायचंय ते आधी सांगा, म्हणजे दोघं एकच काम करत बसणार नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलासोबत तो तपासायची चाचणी जोडा. अडलात तर विचारा, कोड न येणाऱ्यांनीही विचारा, कारण कपडे सगळेच घालतात. आणि पहिल्या ओळीतच लिहिलं होतं की हे कुणासाठी करताय ते कळलं तर आम्हाला बरं पडतं. माझा राग कुठल्या कुठे गेला असं म्हणत नाही, पण त्याला बसायला जागा राहिली नाही एवढं खरं.

मी नवी चर्चा सुरू केली. लिहिलं, माझ्या बहिणीसाठी. तिचे खांदे सारखे नाहीत, तिला कोट हवा आहे, आणि बेतणीला एकच खांदा ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता बघितलं तर खाली उत्तरांची रांग. एका बस चालवणाऱ्याने लिहिलं होतं की मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझा एक खांदा लहानपणी पडल्यापासून असाच आहे आणि मी आयुष्यभर शर्ट एका बाजूने ओढत आलोय. काही करता येण्यासारखं असेल तर सांगा. त्याने एक काम केलं. माप कसं घ्यावं हे सांगणारं पान वाचून, टेप नेमकी कुठे धरायची हे वाकड्या खांद्याच्या माणसाला कसं कळणार, असे प्रश्न विचारून विचारून ते पान नव्याने लिहायला लावलं. जहाजांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा एक जण म्हणाला, कॉलर आणि बाह्या माझ्याकडे द्या, तुम्ही पाठ सांभाळा. मी माझा तो भला मोठा बदल फोडला आणि एकेक तुकडा पाठवू लागलो. टाचणीबाई टोचायची, मी दुरुस्त करायचो. एकट्याने ओझं डोक्यावर घेऊन निघालो होतो, वाटेत चार हात लागले, आणि मान किती आखडली होती ते तेव्हा कळलं.

कॉम्प्युटरवरच्या सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास. मग आली शिवायची पाळी. कागद छापले, चिकटपट्टीने जोडले, हॉलमधलं टेबल बाजूला सारून फरशीवर मांजरपाट पसरला आणि मीच कापला. माझी कात्री अशी चालली की कडेला उंदराने कुरतडल्यासारखी नक्षी झाली. आईने ती बघितली आणि खऱ्या कापडाला तुझी कात्री लागू देणार नाही एवढंच म्हणाली. मांजरपाटाला चालून गेलं. तिने त्याचा कोट शिवला. ताईच्या अंगात घालण्याआधी मी शेजारच्या काकूंकडून शिवणाचा पुतळा आणला, मापं बघून त्याच्या डाव्या पाठीला टॉवेल बांधला, उजवा खांदा उतरवला, आणि वर कोट चढवला.

कोट बसेना. उजवा खांदा उंच, डावा खाली. जिथे पाठ उंच तिथे कापड कमी, जिथे नाही तिथे ढगळ. मी आईला म्हटलं, तू उलटा शिवलास. आईने चष्मा लावला, एकेक शिवण बघितली, आणि तुझ्या कागदावर होतं तसंच शिवलंय म्हणाली. मी म्हटलं शक्य नाही, सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत. आई म्हणाली मग चाचणीच्या अंगात घाल.

घोटाळा कुठे झाला ते कळायला मला बराच वेळ लागला. पडद्यावर जी डावी बाजू दिसते तिला मी डावी धरलं होतं, म्हणजे समोर उभं राहून बघणाऱ्याची. शिवणाच्या जगात डावं म्हणजे घालणाऱ्याचं डावं. चाचण्याही मीच लिहिल्या होत्या, त्याच समजुतीने, त्यामुळे त्या बिचाऱ्या बरोबर म्हणणारच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तेवढ्यात आईने कोट काढून आतली बाजू बाहेर केली आणि पुतळ्याला पुन्हा घातला. अगदी अंगासरशी बसला, सगळ्या शिवणी बाहेर. आई म्हणाली, हा असा उलटा घालून जाऊ दे कोर्टात, न्यायाधीश आधी हेच विचारतील. आम्ही दोघं फरशीवर बसून खूप हसलो.

हसू ओसरल्यावर हिशेब केला. नियम नसता, तर मी हिरवे दिवे बघून हा बदल आत ढकलला असता, आणि ताईचं काळं, महागाचं कापड मशीनने उलट्या खांद्याने कापलं असतं. ते कापड नुसतं कापड नव्हतं, ताईला परत घराबाहेर काढणारी एकच गोष्ट होती. मांजरपाटावर निभावलं म्हणून जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून मी शिवून दाखवायच्या नियमावर तोंड उघडलं नाही.

दुरुस्त केलेल्या नमुन्याचा दुसरा मांजरपाटी कोट आईने शिवला, ताईला घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. आतून काही आवाज नाही. दार उघडून आई एकटीच बाहेर आली, ओठ घट्ट मिटलेले, आणि बसतोय एवढं म्हणून मोरीत तोंड धुवायला गेली. मला वाटलं संपलं, सुटलो.

संपलं नव्हतं. फोटो राहिला होता.

मी आधी पुतळ्याचे फोटो पाठवून बघितले. टाचणीबाईने लिहिलं की पुतळा हात वर करत नाही, खुर्चीत बसत नाही, श्वास घेत नाही. तुमच्या बहिणीला ही तिन्ही कामं कोर्टात करायची आहेत. बरोबरच होतं. नवी आवृत्ती महिनाअखेरीला निघायची होती, आणि तिच्या पुढची निघेपर्यंत ताईची तारीख होऊन गेली असती. बदल या आवृत्तीत गेला नाही तर वर्कशॉप कापणार नाही, कोट होणार नाही, आणि ताई अशिलाला फोन करून दुसरं कुणीतरी उभं करा म्हणेल. मी तिला ओळखतो. एकदा तिने असा फोन केला असता तर पुन्हा कोर्टाचं नाव घेतलं नसतं.

विचारायचं म्हणून मी तिच्या खोलीत किती वेळा गेलो त्याला सुमार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं दुसरं काय. म्हणायचो, ताई, हल्ली फोनचे कॅमेरे काय भारी येतात ना. म्हणायचो, आपल्या घरात फोटोच कमी आहेत. ती मसुद्यातून डोकं वर काढून चष्म्यावरून बघायची आणि काय हवंय ते सरळ सांग म्हणायची. काही नाही, असंच. आणि मी बाहेर. जी बाई घरच्यांकडेसुद्धा पाठ करत नाही, तिला सांगायचं की तुझी पाठ जगाला दाखवायची आहे, कुणीही बघेल अशा पानावर, कायमची. ती शिंप्याच्या दुकानातून कशी उठली ते मी बघितलं होतं. माझ्यासमोरून तिने तसं उठावं, हे मला सहन होणार नव्हतं.

शेवटी मी चर्चेच्या पानावर लिहिलं, “फोटो देता येणार नाही. जिच्यासाठी हे केलं तिला पाठीचा फोटो नको असेल, आणि मी तिला विचारणारही नाही. बदल मागे घेतो. तुमचा वेळ घेतला, माफ करा.” लिहून फोन उपडा ठेवला. इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही. आईला सांगितलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सकाळी फोन उघडला तर टाचणीबाईचं उत्तर होतं. नेहमीपेक्षा लांब. “तुम्ही तिला विचारलं नाहीत हे योग्य केलंत. नियमात माणूस हवा असं आहे. तुमच्याच घरचा हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. बदल मागे घेऊ नका. इथे एवढी माणसं आहेत ती कशासाठी?”

आणि तिने सगळ्यांना हाक घातली. ज्यांचे खांदे सारखे नाहीत, ज्यांची पाठ सरळ नाही, ज्यांचा एक हात लहान आहे, त्यांनी हा कोड घ्यावा, आपली मापं घालावीत, शिवावं आणि कळवावं.

मला वाटलं एखाद-दुसरा फोटो येईल. पहिला आला बसवाल्याचा. बस मागे उभी, हा पाठमोरा, दोन्ही हात डोक्यावर. खाली लिहिलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा शर्ट ओढला नाही. मग एक बाई, स्वयंपाकघरात, एका खांद्याचं हाड काढलेलं. मग एका म्हाताऱ्याने बायकोसाठी शिवलेला कोट. मांजरपाट मिळाला नाही म्हणून खिडकीचा पडदा वापरला होता, त्यामुळे आजींच्या पाठीवर ही मोठमोठी फुलं. एक पोहायला शिकवणारा. एक जण खुर्चीत बसलेला, कारण त्याला उभं राहता येत नाही. त्याचं म्हणणं बसून तपासणं जास्त महत्त्वाचं, उभी असलेली माणसं काय, दिवसातून चार वेळा बसतातच. स्वयंपाकघरातल्या बाईने कळवलं की हात वर केला की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडते तिथे, ओढ बसते. जहाजवाल्याने ती त्याच दिवशी दुरुस्त केली. पाठीच पाठी. माझ्या कोडचं खरं काम काय होतं ते मला पहिल्यांदा दिसलं, आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ते फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिलो.

मग एका दुपारी टाचणीबाईने एक शब्द लिहिला, “घेतला.” मी तेव्हा एका पार्किंगमध्ये बिघडलेल्या गेटाजवळ होतो. मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी कठड्यावर बसलो आणि मला रडू आलं. सुटल्याचं रडू होतं ते, आवरावंसंही वाटलं नाही. एका ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, अहो, एवढं काय झालं, दांडाच अडकलाय ना.

आवृत्ती निघाली. वर्कशॉपवाल्याने आवृत्तीचा आकडा बघितला, मान डोलावली आणि काळं कापड मशीनवर चढवलं. आईने ते घरी आणून असं शिवलं की तिला जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. कोट तयार होऊन ताईच्या खोलीत हँगरला लागला.

तारखेच्या सकाळी ती खोलीतून बाहेर आली ती कोट घालूनच. हातात फायली. मी चहा घेत होतो. तिने फायली टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “तू लिहिलं होतंस, मी तिला विचारणारही नाही.”

माझा कप हातातच राहिला. मी विचारलं, तू कधी वाचलंस ते.

“पहिल्या दिवसापासून वाचतेय. ठाण कापून नेलंस तेव्हापासून. सगळे कागद वाचल्याशिवाय मी कशात उभी राहते का?” मग थेट, “का नाही विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते.” ती खिडकीकडे गेली. “फोन घे. आता काढ.”

मी म्हटलं, “ताई, आता गरज नाही गं. बदल घेतलाय त्यांनी.”

“माहीत आहे. म्हणून तर.”

ती वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे पाठ करून उभी होती, खिडकीच्या उजेडात, वर शाल न घेता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. कॉलर मानेला लागून होती. उजवा खांदा खाली होता आणि कोटही तिथेच होता, त्याच्याबरोबर, लोंबत नाही, झाकत नाही. ताईने न सांगता उजवा हात वर केला, न्यायाधीशांसमोर करायची तसा. मागचा भाग वर चढला नाही. माझे पहिले दोन फोटो हलले, तिसरा नीट आला.

“मागून कसा दिसतोय?” तिने मान न वळवता विचारलं.

“बसलाय,” मी म्हटलं.

तिने फोन मागितला. फोटो मोठा करून बराच वेळ बघितला, खांदा, उंचवटा, सगळं. मग ताईने फोन माझ्या हातात परत दिला आणि फायली उचलल्या.

“लाव त्यांच्या पानावर,” ती म्हणाली. “आणि खाली लिही, घालणारी वकील आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मलाच विचारा.”